एक खोली, चार माणसं आणि पाच आठवड्यांचं बाळ: झोपवायचं कसं?

खोली_नंबर_१७

गिरगावातली चाळ, १० बाय १२ ची खोली, वर पोटमाळा. खाली बाळ, बाळंतीण, आजी आणि चार वर्षांची थोरली झोपतात, मी माळ्यावर. बाळ ३५ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलं, वजन २१५० ग्रॅम. आज पाच आठवड्यांचं आहे, परवाचं वजन २९२० ग्रॅम. दूध फक्त आईचं.

डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ आहे: ‘झोपेतील आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी बाळाला पाठीवर झोपवा.’ का आणि कसं, ते नाही. सध्या घरात चाललंय ते असं. बाळंतविड्यात आलेली नवी कापसाची गादी, तिच्यावर रबरशीट, वर दुपटं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. ठसका लागू नये म्हणून कुशीवर निजवणं आणि दोन्ही अंगांना छोटे लोड. दुपारी तुळईच्या हुकाला साडीची झोळी. अंघोळीनंतर ओवा-धुपाची धुरी. रात्री पंख्याचं वारं लागतं म्हणून कुंची आणि अंगावर दोन दुपटी. डासांसाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी.

पाळण्याला जागा नाही, हे आधीच सांगतो. यातलं आजच काय बंद करायचं, काय चालेल, आणि मुख्य म्हणजे कारण काय ते सांगा. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे आमच्या घरी एका गोष्टीला एकदाच चालतं.

बालरोग_ओपीडी

आधी शब्दाचा अर्थ. वर्षाच्या आतलं, वरवर धडधाकट बाळ झोपेत दगावतं. शवविच्छेदन, झोपायच्या जागेची पाहणी आणि आजारपणाची माहिती या तिन्हीतून काहीच कारण सापडत नाही, तेव्हा त्याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, थोडक्यात सिड्स म्हणतात. बाकी सगळं वगळल्यावर उरणारं हे निदान आहे. गादीत नाक दबणं किंवा मोठ्या माणसाच्या अंगाखाली सापडणं हे सिड्स नव्हे, ते गुदमरणं. घरात घ्यायची काळजी मात्र दोन्हींसाठी एकच. आपल्याकडे इतकी तपासणी होऊन नोंद होणं दुर्मीळ, म्हणून ‘आमच्यात असलं काही ऐकलं नाही’ या वाक्याला फार किंमत देऊ नका.

कारणाबद्दल आज सर्वात जास्त मानली जाणारी मांडणी १९९४ सालची आहे, फिलियानो आणि किनी यांची. तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. एक, बाळात मुळातच एखादी कमतरता. श्वास आणि जाग यांवर ताबा ठेवणारा मेंदूच्या तळाचा भाग काही बाळांत पुरता तयार नसतो. दगावलेल्या अनेक बाळांच्या तपासणीत तिथल्या सेरोटोनिन या रसायनाच्या यंत्रणेत दोष दिसले आहेत. दोन, वय: सर्वात जास्त धोका दोन ते चार महिन्यांत, आणि सुमारे ९० टक्के मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत. तीन, बाहेरचा ताण: पालथं असणं, मऊ गादी, धूर, उकाडा. पहिली गोष्ट कुठल्याच चाचणीने आधी कळत नाही. (२०२२ मध्ये रक्तातल्या एका विकराचा (एन्झाइमचा) अभ्यास आला आणि ‘कारण सापडलं’ असे मथळे झळकले. त्यातून दवाखान्यात वापरता येईल अशी चाचणी निघालेली नाही.) वय आपल्या हातात नाही. उरतो तो ताण, आणि तुमची यादी त्यानेच भरलेली आहे.

तुमचं बाळ ३७ आठवड्यांच्या आधीचं आणि जन्माला २५०० ग्रॅमच्या आतलं, म्हणजे दोन्ही निकषांवर जास्त जोखमीचं. शिवाय पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे, तुमचं बाळ त्याच्या पाच आठवडे आधी आलं, म्हणून वयाचा हिशेब करताना ते पाच आठवडे वजा धरा. सहा महिन्यांची काळजी तुमच्यासाठी सात महिन्यांच्या पुढे जाते.

आता ठसका. आजींची भीती खोटी नाही, फक्त उलटी लागलीय. दोन बोटं एकमेकांवर आडवी धरून दाखवा: एक श्वासनलिका, एक अन्ननलिका. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. पोटातून उलटून आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढावं लागतं. ते खालीच राहतं, बाळ गिळतं किंवा तोंडाच्या कडेने ओघळतं. तीच बोटं पालथी करा. आता श्वासनलिका खाली आली आणि दूध बरोबर तिच्या तोंडाशी साचतं. जी बाळं फार ओकतात त्यांनाही उताणंच. डोक्याकडची बाजू उंच करून ओकणं कमी होत नाही. बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. उतार १० अंशांपेक्षा जास्त नको, आणि सपाट जमीन असताना उतार हवाच कशाला? पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, १५-२० मिनिटं उभं धरा, मग निजवा.

कुशीवर का नको? कारण कूस हा टिकणारा पवित्रा नाही. हात जरा मागे सरकला की बाळ पालथं होतं, आणि या वयात परत उलटता येत नाही. लोड लावून ते थांबत नाही. नाक दाबायला आणखी एक मऊ वस्तू तेवढी जवळ येते.

‘पालथं घातलं की किती शांत झोपतं!’ हेही घरोघरी ऐकू येतं. खरं आहे. पालथं बाळ गाढ झोपतं, आणि धोका तोच आहे. नाकासमोर स्वतःच सोडलेली हवा साठते, प्राणवायू उतरतो, चेहऱ्यातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. अशा वेळी बाळाने कुरकुरून जागं व्हायला हवं, तर झोप इतकी गाढ की जाग येत नाही. रोज उताण्या झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दुपारी कुणी पालथं घातलं तर धोका रोज पालथ्या झोपणाऱ्यापेक्षाही कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणून घरातला नियम माणसागणिक बदलता कामा नये. आजी, मावशी, मालीशवाली, पुढे पाळणाघर, सगळ्यांचा एकच.

आजींना हेही सांगा, की पालथं घालायची पद्धत पाश्चात्त्य देशांत बराच काळ डॉक्टरांनीच शिकवली होती. चूक लक्षात आल्यावर नेदरलँड्सने १९८७ मध्ये, ब्रिटन आणि न्यूझीलंडने १९९१ मध्ये, अमेरिकेने १९९४ मध्ये उताणं निजवायची मोहीम काढली. अमेरिकेत सिड्सचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आपल्या पाळण्यातलं बाळ पूर्वीपासून उताणंच असतं. म्हणजे आजींच्या आजीचं बरोबर होतं.

मोहरीची उशी आजच काढा. वर्षभर कुठलीच उशी नको. उशीने मान पुढे झुकते, शिवण उसवली तर दाणे नाकातोंडात जातात. डोकं गोल हवं असेल तर एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे तोंड करून निजवा, किंवा उशा-पायथा बदला. बाळ उजेडाकडे आपोआप मान वळवतं. जागेपणी, कुणीतरी समोर बसून, दिवसातून दोन-तीन वेळा तीन ते पाच मिनिटं पोटावर ठेवा आणि हळूहळू वाढवत सात आठवड्यांच्या सुमारास दिवसभरात १५ ते ३० मिनिटांवर आणा. मानही धरू लागतं. झोप लागली की लगेच उताणं.

गादीवाला_परळ

गादीचं मी सांगतो. बाळंतविड्यात मिळणारी नवी कापसाची गादी दिसायला छान, पण ताजा पिंजलेला कापूस फुगीर असतो. डोकं आणि ढुंगण जिथे टेकतं तिथे खळगा पडतो. दोन-तीन महिन्यांत तिथला कापूस दबतो, कडेचा तसाच राहतो, आणि बाळ आपोआप खळग्याकडे कलंडतं. मायक्रोफायबर भरलेले ‘बेबी नेस्ट’ तर त्याहून वाईट, चारी बाजूंनी उशीच शिवलेली असते.

हाताची परीक्षा सोपी आहे. मधोमध तळवा जोरात दाबा आणि उचला. गादी लगेच सपाट झाली तर ठीक. पंजाचा ठसा राहिला तर ती बाळासाठी नाही. दुसरी परीक्षा म्हणजे बाळाला ठेवून बाजूने वाकून बघा, डोक्याभोवती कापडाची कड वर आलेली दिसता कामा नये.

तुम्हाला २ फूट बाय ४ फूट, जाडी २ इंचापर्यंत, काथ्याची किंवा कडक दाट फोमची गादी कापून मिळेल. सकाळी भिंतीला उभी लावता येते. ‘जरा मऊ लागू दे’ म्हणून वर फोमचा थर किंवा गोधडी टाकून घेऊ नका, गिऱ्हाईक इथेच फसतं. ते होईपर्यंत सतरंजीवर एक जुनी, दबलेली, गोळे न झालेली गोधडी चौपदरी घालून पुरते. रबरशीट चादरीच्या खाली, वर नाही. तिच्यावरून सुती चादर ताणून चारी कडा गादीखाली निदान वीतभर खोचा. सुटं दुपटं अंथरलं की पायाने गोळा होऊन तोंडावर येतं.

पावसाळ्यात जमिनीवरची गादी खालून ओल धरते. खाली चटई घाला, रोज उभी करून पंख्याखाली ठेवा. कुबट वास यायला लागला तर वरून ऊन दाखवून भागत नाही. काथ्याची असेल तर बदलाच.

स्तनपान_समुपदेशक

रात्रीच्या मांडणीबद्दल. पाळण्याला जागा नाही म्हणून बाळ आईच्या गादीवर, हा निष्कर्ष काढू नका. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे: त्याच खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या छोट्या गादीवर. निदान पहिले सहा महिने हेच सर्वात चांगलं, आणि तुमच्या खोलीत ते सहज बसतं.

क्रम असा लावा: बाळाची गादी, मग आई, मग थोरली, मग आजी. बाळ दोन माणसांच्या मध्ये नको, थोरलीच्या शेजारी तर अजिबात नको; चार वर्षांचं मूल झोपेत घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. आईचं पांघरूण कमरेपर्यंतच, पदर खोचलेला, लांब केस बांधलेले, लांब मंगळसूत्र रात्रीपुरतं काढलेलं.

खरी अडचण रात्री दोनच्या पाजण्याला येते. आई भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन पाजते आणि बसल्या बसल्या डोळा लागतो. बाळ उशी आणि पोट यांच्या मध्ये घसरतं. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं तर सर्वात घातक, इतकं की पेंग येत असेल तर मोकळ्या, कडक गादीवर आडवं होऊन पाजणं त्यापेक्षा बरं. आईने कुशीवर व्हायचं, आजूबाजूला उशी-पांघरूण नाही, पाजून झालं की किंवा जाग येईल तेव्हा बाळ उचलून त्याच्या गादीवर उताणं. बाबांनाही हेच: छातीवर घेऊन झुलवा, पण डोळे मिटायला लागले की खाली द्या. त्याला घेऊन माळ्यावर आडवं होऊ नका.

एका गादीवर झोपण्याबद्दल माझं मत वरच्या डॉक्टरांपेक्षा बहुधा थोडं वेगळं पडेल. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं, अंगावर पिणारं बाळ; घरात तंबाखू-दारू नाही; झोपेचं औषध नाही; जमिनीवरची कडक गादी. एवढं सगळं असेल तर मी आईला घाबरवत नाही, कसं झोपायचं ते शिकवते. कारण नाही म्हटलं की ती लपवून झोपवते, आणि मग कुणीच काही सांगू शकत नाही. पण तुमचं बाळ अपुऱ्या दिवसांचं आणि कमी वजनाचं आहे. तुमच्या बाबतीत माझंही उत्तर नाही असंच.

बालरोग_ओपीडी

मतभेद आहेच. अमेरिकेच्या बालरोग अकादमीची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं एका गादीवर झोपण्याची शिफारस कुणालाच करत नाहीत, ब्रिटनमधला सल्ला तुम्ही म्हणता तसा परिस्थिती बघून दिला जातो. मी पहिल्या चार महिन्यांत कुणालाच हो म्हणत नाही. लपवून झोपवतात, हे मात्र मान्य.

जाता जाता, अंगावरचं दूध हे स्वतःच संरक्षण आहे. दोन महिने जरी पाजलं तरी धोका बराच उतरतो, आणि पुढे जितकं चालेल तितकं चांगलं. चोखणीनेही धोका कमी झालेला दिसतो, पण पाजणं पक्कं बसल्यावर, रोज उकळून, दोरी किंवा साखळी न लावता. झोपेत पडली तर परत तोंडात कोंबायची नाही. तुमच्या घरात मी ती सुरू करायला सांगणार नाही. उकळणं राहिलं की जुलाब, आणि या वजनाच्या बाळाला तेही परवडणारं नाही.

नवजात_कक्ष_परिचारिका

झोळी, धुरी, कुंची, मच्छरदाणी राहिली आहेत. धुरीपासून घेते.

बंद खोलीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. ‘धुरी दिली की बाळ छान गुंगतं’ म्हणतात, पण या वायूच्या लक्षणांत गुंगी असतेच. वर ओवा-धुपाचा धूर फुप्फुसात. १० बाय १२ च्या खोलीत दार लावून हे कधीच नको. आजींचा हेतू डोकं सुकावं, ऊब मिळावी हा आहे. मऊ सुती पंचाने डोकं टिपून लगेच जबलं घाला, काम झालं. उदबत्ती, कासवछाप, मालीशनंतरची वेखंडाची पूड, हे सगळं याच यादीत. नाकात तेलाचे थेंब तर बिलकूल नाही, तेल फुप्फुसात उतरतं. आणि बाळगुटीत झोपेसाठी जायफळ उगाळत असाल तर आजपासून बंद. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही. अपवाद डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा.

कुंची: बाळ जास्तीची उष्णता मुख्यतः डोक्यातून आणि चेहऱ्यातून बाहेर टाकतं, आणि आपण नेमकं तेच झाकतो. शिवाय गळ्याशी बांधलेली कुंची सरकून नाकावर येते. दवाखान्यात टोपडं घालतात ते पहिल्या दिवसांत, कमी वजनासाठी. आता २९२० ग्रॅमला मुंबईच्या हवेत घरात टोपडंही नको. मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्यापेक्षा फार तर एक थर जास्त. मे-ऑक्टोबरात सुती जबलं आणि लंगोट, बस. थंडी वाजतेय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते या वयात गारच लागतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवा: कोमट लागलं तर ठीक, घाम, लाल गाल किंवा मानेवर घामोळं दिसलं तर एक थर काढा. पांघरायची दुपटी दोन्ही काढा. ऊब हवीच वाटली तर पूर्ण बाह्यांचं जबलं. परदेशी सल्ल्यांत खोली १६ ते २० अंश ठेवा असं वाचाल. ते तिकडच्या घरांसाठी. इथे पंखा चालू ठेवा. २००८ च्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात पंखा असलेल्या खोल्यांत सिड्स कमी दिसला होता; एकट्या अभ्यासावर फार विसंबायचं नाही, पण वाऱ्याला घाबरायचं कारण नाही एवढं नक्की. टेबलफॅन मात्र थेट तोंडावर नको.

दुपट्यात गुंडाळणं चालेल, उताणं असेल तरच: छातीशी दोन बोटं शिरतील इतकं सैल, पाय बेडकासारखे दुमडता येतील असे मोकळे. बाळ कूस वळायची खटपट करू लागलं, साधारण तीन-चार महिन्यांत, की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला डोकंही उचलता येत नाही.

झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला लागते, आणि कापड तोंडाच्या दोन्ही बाजूंना उभं राहतं. मान न धरणाऱ्या, त्यातून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे धोक्याचं. आत्ता बंदच ठेवा. पुढे मान धरल्यावर रडं थांबवण्यापुरती, समोर माणूस बसलेला असताना, हनुवटी-छातीत दोन बोटांची जागा आहे ना बघत. झोप लागली की गादीवर. हूक तुळईत किती आत आहे तेही बघा, जुन्या चाळींत लाकूड वाळवीने आतून पोकळ असतं. आणि थोरली झोका देते तो जोरात देते.

मच्छरदाणी हवीच, पावसाळ्यातला डेंग्यू-मलेरिया काही कमी धोक्याचा नाही. छत्रीवाली चालेल, तिच्यासोबत येणारी गुबगुबीत बैठक, उशी, लोड फेकून द्या, फक्त जाळी कडक गादीवर ठेवा. जाळी तोंडापासून निदान वीतभर दूर आणि ताणलेली हवी. तारेची स्प्रिंग ढिली झाली की ती मध्येच मिटते, रोज एकदा दाबून बघा. कडा गादीखाली गेल्या तर झुरळ, मुंग्या आणि उंदीर यांचाही प्रश्न सुटतो. तोंडावर दूध सुकलं की मुंग्या येतातच, पाजून झाल्यावर ओल्या कापडाने पुसा.

गळ्यातला काळा दोरा झोपताना नको. मणगट्या चालतील, पण दोरा पक्का आहे का, मणी सुटत नाही ना, ते बघून.

खोली_नंबर_१७

सगळं वाचून दाखवलं. दोन बोटांचं आजींना पटलं, उशी निघाली. धुरीवर अजून चर्चा चालू आहे. तीन प्रश्न राहिले. आजी मशेरी लावतात, घरातच भाजतात. त्याचा संबंध येतो का? पुढच्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट आहे, शेजारी म्हणतात लशीनंतर असं होतं. आणि पायात घालायचा मोजा मिळतो, ऑक्सिजन दाखवणारा, तो घ्यावा का?

बालरोग_ओपीडी

मशेरी: लावण्यापेक्षा भाजण्याचा धूर बाळाला जास्त लागतो. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली की तो धूर खोलीभर जातो. भाजणं घराबाहेर, आणि आजींनी बाळाला घेण्याआधी हात धुवून चूळ भरायची. गॅलरीत विडी-सिगरेट ओढून आलेल्या पाहुण्यालाही तोच नियम, शिवाय शर्ट बदलायचा. बाळंतीण स्वतः मशेरी लावत असेल तर प्रश्न मोठा आहे. मुंबईतल्याच १२१७ गरोदर बायकांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी निघालं, आणि दिवस भरायच्या आत होणारी बाळंतपणंही जास्त. स्वीडनमध्ये स्नस नावाची ओठाखाली ठेवायची तंबाखू आहे. गरोदरपणात ती वापरणाऱ्यांच्या बाळांत सिड्सचा धोका जवळजवळ तिप्पट दिसला. तेव्हा ‘धूर नाही म्हणजे त्रास नाही’ हे खरं नाही. निकोटिन दुधातही उतरतं. तरी पाजणं बंद करायचं नाही, मशेरी बंद करायची.

पेंटाव्हॅलंट: ६, १० आणि १४ आठवडे. सिड्सचा सर्वाधिक धोका दोन ते चार महिन्यांत. दोन्ही एकाच वयात येतात, म्हणून कधी तरी एक दुसऱ्याच्या पाठोपाठ घडणारच. मोठ्या अभ्यासांत लस घेतलेल्या बाळांत सिड्स जास्त नाही, उलट कमी दिसतो. ठरलेल्या दिवशी द्या. जन्मतारखेपासून मोजून, पाच आठवडे वजा न करता. ताप आला तर पॅरासिटामॉलचे थेंब, मात्रा आजच्या वजनावर लिहून घ्या, आणि त्या रात्री जास्त गुंडाळू नका. लशीनंतर बाळ किरकिरं होतं म्हणून पोटावर घालून थोपटायचा मोह होतो, तेवढा टाळा.

मोजा घेऊ नका. अशा यंत्रांनी सिड्स कमी होतो असं दिसलेलं नाही. उगाच वाजून रात्री जागवतात, आणि वाजत नाही म्हणून माणूस उशी-पांघरुणाबाबत ढिला पडतो. तेवढ्या पैशात परळवाल्यांची गादी होते.

श्वासाबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. पाच ते दहा सेकंद श्वास थांबून मग भराभर श्वास, हे या वयात नेहमीचं. थांबा २० सेकंदांपेक्षा लांबला, ओठ-जीभ निळी किंवा चेहरा पांढरा पडला, अंग ढिलं पडलं, शांत झोपेतही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खळगा, कण्हणं, पिणं सोडणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप, नाहीतर अंग गार पडणं: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय. नंतर पुन्हा नॉर्मल दिसलं तरीही.

आणि बाळ हाक मारून, तळव्याला टिचकी मारून हललं नाही, श्वास नाही, तर: हलवायचं-झुलवायचं नाही, पाणी नाही, कांदा नाही. कडक जमिनीवर उताणं. एकाने १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. स्तनाग्रांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधल्या हाडावर, दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी किंवा एका तळव्याच्या टाचेने सुमारे ४ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब, मग बाळाच्या नाकातोंडावर आपलं तोंड लावून दोन छोटे श्वास, छाती जेमतेम उचलेल इतकेच. मदत येईपर्यंत हेच. वाचून हे हाताला बसत नाही. लसीकरणाला जाल तेव्हा तिथे बाहुलीवर शिकवतात का विचारा, आणि आजींनाही न्या.

खोली_नंबर_१७

ठीक. आज रात्रीची मांडणी: चटई, सतरंजी, जुनी गोधडी चौपदरी, ताणलेली चादर. बाळाची जागा खिडकीच्या भिंतीला अगदी चिकटवून, म्हणजे त्या बाजूला कुणी येणार नाही. मग बायको, थोरली, आजी. वर पंखा, जाळी, अंगात फक्त जबलं. उशी, लोड, खुळखुळा काही नाही.

नवजात_कक्ष_परिचारिका

एकच बदल. भिंतीला चिकटवू नका. गोधडी रात्रीतून सरकते, भिंत आणि गोधडी यांच्यात चार बोटांची फट पडते आणि बाळ त्यात तोंड भिंतीकडे करून अडकतं. निदान फूटभर मोकळी जमीन सोडा. पाळण्याला जे दोन बोटांपेक्षा जास्त फट नको म्हणतात, ते चारी बाजू बंद असतात म्हणून. जमिनीवर उलट, भरपूर मोकळं हवं. आणि खिडकीशी पावसाळ्यात कपडे वाळत घालायची दोरी असेल तर तिच्याखालून जागा सरकवा. ओली साडी जाळीवर पडली की जाळी बाळाच्या तोंडावर येते.